भूकंपानंतरची अफवा

दिनांक २२ मे १९९७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांच्या सुमारास जबलपूर शहर आणि त्याच्या आसपासचा नर्मदाकाठचा प्रदेश भूकंपाने हादरला. या भूकंपाची तीव्रता ५.८ इतकी होती. शहराजवळच्या कोसमघाट या खेड्याची मोठी हानी झाली. जबलपूर व मंडला या जिल्ह्यांत मिळून हजारो घरे कोसळली अथवा त्यांना तडे गेले आणि चाळीसच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. मदनमहालच्या टेकडीजवळ एका शिळेवर जेमतेम टेकून उभी असलेली प्रसिद्ध तोललेली शिळा मात्र जागची हलली नाही. तिचे कौतुक जबलपूरकर आजही पाहुण्यांना सांगतात.

भूगर्भशास्त्रज्ञांच्या दृष्टीने या भूकंपाचे एक वैशिष्ट्य होते. त्याचे नाभिस्थान जमिनीखाली सुमारे ३५ किलोमीटर इतक्या खोलीवर होते. चार वर्षांपूर्वी मराठवाड्यात किल्लारीला झालेला भूकंप याच्या तुलनेत अगदी उथळ होता. म्हणून त्याने थोड्या क्षेत्रात भयंकर संहार केला. जबलपूरचा भूकंप खोल असल्यामुळे त्याचा धक्का फार दूरवर जाणवला, पण त्या मानाने नाश कमी झाला. मानसशास्त्राच्या अभ्यासकालाही या गोष्टीत रस वाटावा असे कारण आहे. ज्या भूकंपाचा धक्का लाखो लोकांना जाणवतो, परंतु ज्यात त्यांतील बहुतेकांच्या घराची एक वीटही पडत नाही, तो भूकंप माणसाच्या मनापुढे एक चमत्कारिक कोडे उभे करतो. पहाटेच्या झोपेतून माणूस दचकून उठतो, भांडी मांडणीवरून घरंगळत असतात, खाट हलत असते. तो मुलाबाळांना ओढत रस्त्यावर येतो. दहा मिनिटांनी पाहावे तो घर उभे, गल्ली उभी, शेजारी सुखरूप. छाती मात्र अजून धडधडते आहे. आता या धडधडीचे काय करायचे?

आपल्या भाषेत या अवस्थेला फार नेमका शब्द आहे. अमक्याने धसका घेतला, असे आपण म्हणतो. धसका ही भीतीहून वेगळी गोष्ट आहे. भीती समोर असलेल्या वस्तूची वाटते. ती वस्तू निघून गेल्यावरही मनात उरून राहते ती स्थिती म्हणजे धसका. शरीरशास्त्र याचा उलगडा असा करते: मेंदूच्या खोल भागात बदामाच्या आकाराचे एक लहानसे केंद्र असते. संकटाची चाहूल लागताच विचार करणाऱ्या भागाची वाट न पाहता ते सर्व शरीराला इशारा देते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, हातापायांकडे अधिक रक्त धावते आणि पचनासारखी कामे मागे पडतात. पोटात गोळा येणे हा वाक्प्रचार या दृष्टीने अगदी शास्त्रशुद्ध म्हटला पाहिजे. हा इशारा एका क्षणात दिला जातो. तो मागे घेण्यास मात्र वेळ लागतो. म्हणून मोठ्या धक्क्यानंतर कित्येक दिवस रस्त्यावरून मालमोटार गेली तरी माणसे दचकतात, टांगलेला दिवा हलतो का हे पुन्हा पुन्हा पाहतात आणि जमीन स्थिर असतानाही ती हलल्याचा भास त्यांना होतो. जपानी भाषेत या भासाला जिशिन-योई असा स्वतंत्र शब्द आहे. काही लोकांना जशी गाडी लागते तसा हा भूकंप लागणे होय.

येथवर सर्व नैसर्गिक आहे. दुधाने तोंड पोळले म्हणजे मनुष्य ताकही फुंकून पितो. प्रश्न पुढे निर्माण होतो. अशा धक्क्यानंतर दोनचार दिवसांत गावोगाव एक विशिष्ट प्रकारची बातमी फिरू लागते. अमुक तारखेला याहून मोठा धक्का येणार आहे. नदीचे पाणी आटले आहे. कोणा शास्त्रज्ञाने सांगितले आहे, पण सरकार ते दडवीत आहे. जे गाव धरणाच्या खालच्या अंगाला असेल तेथे धरणाला भेग पडल्याची वार्ता उठण्यास कोणाच्या कल्पनाशक्तीला फारसे श्रम पडत नाहीत. या वार्ता ऐकून लोक घाबरतात, हे खरे. पण त्याच लोकांनी त्या पुढे नेलेल्या असतात. मनुष्य दुःख टाळतो आणि सुख शोधतो, असे आपण धरून चालतो. मग आधीच भ्यालेला मनुष्य स्वतःला आणखी भिववणारी बातमी इतक्या आवडीने का ऐकतो आणि इतक्या तत्परतेने दुसऱ्याच्या कानात का सांगतो?

या प्रश्नाचे जे उत्तर पुढे जगभर मान्यता पावले, त्याची सामग्री भारतातून गेलेली होती.

दिनांक १५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी सव्वादोनच्या सुमारास बिहार व नेपाळमध्ये अत्यंत प्रचंड भूकंप झाला. त्यात दहा हजारांहून अधिक माणसे दगावली. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी त्यानंतरच्या काळात लोकांमध्ये पसरलेल्या अफवा पद्धतशीरपणे गोळा केल्या आणि १९३५ मध्ये त्यांवरील आपला निबंध ब्रिटनमधील मानसशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ज्या भागात धक्का जोराने जाणवला होता पण प्रत्यक्ष पडझड झाली नव्हती, तेथील लोकांच्या तोंडच्या या अफवा होत्या. त्यांतील कित्येकींमध्ये पुढील संकटाचे भाकीत होते. पाटण्यावर मोठे वादळ येणार, चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा भयंकर भूकंप होणार, नेपाळच्या सीमेकडून पुराचा लोंढा येत आहे, अशा त्या वार्ता होत्या. घरदार शाबूत असलेली माणसे या वार्तांनी हवालदिल झाली होती.

पुढे १९५० च्या जून महिन्यात दार्जिलिंग येथे अतिवृष्टीमुळे दरडी कोसळून मोठी प्राणहानी झाली. तेथील लोकांच्या बोलण्याचा अभ्यास दुर्गानंद सिन्हा यांनी केला व तो १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. दार्जिलिंगच्या लोकांनी नाश डोळ्यांनी पाहिला होता. घरे वाहून गेलेली, रस्ते तुटलेले आणि ढिगाऱ्याखालून प्रेते निघत असलेली. आपल्या कल्पनेप्रमाणे येथे अफवांना ऊत यावयास हवा होता. परंतु तेथे पुढील मोठ्या संकटाची भाकिते आढळली नाहीत. ज्यांचे सर्वस्व गेले ते पुढच्या प्रलयाच्या गोष्टी करीत नव्हते. ज्यांचे काहीच गेले नव्हते ते मात्र करीत होते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर हे १९५० नंतरच्या वर्षांत निरोप व वार्ता समाजात कशा पसरतात याविषयीच्या संशोधनाचा आढावा घेत असताना हे दोन भारतीय अभ्यास त्यांच्या वाचनात आले. पाटण्याच्या अफवांनी ते बुचकळ्यात पडले आणि त्या कोड्यातूनच आपल्याला विचाराची दिशा मिळाली, असे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. त्यांचे उत्तर वरकरणी उफराटे वाटते. या अफवा लोकांना भीती देत नव्हत्या, तर त्यांच्या भीतीला कारण पुरवीत होत्या. पाटण्याच्या नागरिकाच्या मनात दोन गोष्टी एकाच वेळी नांदत होत्या: मी अत्यंत भ्यालेलो आहे, ही एक, आणि भिण्यासारखे आसपास काहीच नाही, ही दुसरी. या दोहोंचा मेळ बसत नव्हता. भीती काढून टाकणे त्याच्या हाती नव्हते, कारण ती शरीरात भिनलेली होती. तेव्हा भीतीला शोभेल असे जग उभे करणे एवढाच मार्ग उरला. मोठे वादळ येणारच असेल, तर माझी धडधड वेडगळपणाची ठरत नाही, उलट शहाणपणाचीच ठरते. दार्जिलिंगच्या माणसाला असे काही रचण्याची गरज नव्हती. त्याच्या भीतीचे कारण त्याच्या दारात पडलेले होते. या विचाराचा विस्तार करून फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये बोधविसंगतीचा सिद्धांत मांडला. जगातील मानसशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत तो आज शिकवला जातो. त्याच्या मुळाशी पाटण्याच्या गल्लीबोळांतील कुजबुज आहे, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, ही म्हण आपल्या पूर्वजांनी करून ठेवलीच आहे. भ्यालेल्याच्या मागे राक्षस लागतो, इतकेच ती सांगते. फेस्टिंगर यांनी तिला एक पायरी जोडली: भ्यालेल्या माणसाला त्या राक्षसाची गरज असते.

हा सिद्धांत सर्वच अफवांना लागू पडतो असे समजू नये. पाटणा व दार्जिलिंग यांची तुलना प्रयोगशाळेतील तुलनेइतकी काटेकोर नाही. दरड कोसळण्याचे कारण पाऊस हे उघड दिसत होते. भूकंपाचे कारण कोणाच्याच डोळ्यांना दिसत नव्हते. गॉर्डन ऑलपोर्ट व लिओ पोस्टमन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दुसऱ्या महायुद्धातील अफवांचा अभ्यास करून १९४७ मध्ये दाखवून दिले होते की, जेथे विषय महत्त्वाचा असतो आणि माहिती संदिग्ध असते तेथे अफवा उगवते. या दोहोंपैकी एक जरी शून्य झाले तरी ती वाढत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या दोन उपपत्तींमध्ये विरोध नाही. माहितीची पोकळी हे शेत आहे आणि कारण न सापडलेली भीती हे बी. जबलपूरसारख्या खोल नाभीच्या भूकंपात ही दोन्ही विपुल प्रमाणात मिळतात.

अफवा कानोकानी जाताना तिचे रूप कसे पालटते, हेही ऑलपोर्ट व पोस्टमन यांनी तपासले. तपशील गळून पडतात, उरलेले तपशील टोकदार होतात आणि ऐकणाऱ्याच्या पूर्वग्रहाशी जुळेल असा आकार सर्व कथेला येतो. कदाचित, म्हणतात, असावे हे शब्द सर्वांत आधी गळतात. तारीख, आकडा आणि एखाद्या मोठ्या संस्थेचे नाव ही मात्र टिकतात, किंबहुना मागाहून चिकटतात. अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने सांगितले आहे, ही पुस्ती आजकाल दर भूकंपानंतर ऐकू येते; १९३४ मध्ये त्या जागी ज्योतिषी असे. आजवर कोणत्याही देशातील कोणत्याही संस्थेला भूकंपाची तारीख व वेळ आधी सांगता आलेली नाही. म्हणून ज्या वार्तेत तारीख आणि वेळ आहे ती खोटी, ही कसोटी भूकंपाच्या बाबतीत तरी बिनचूक आहे.

मनाची आणखी एक खोड येथे सांगितली पाहिजे. मराठी वाचकाला कोयनेचा भूकंप ऐकून वा अनुभवून ठाऊक असतो. तो ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, आदल्या दिवशीच्या गणेशविसर्जनानंतर गावे गाढ झोपेत असताना झाला. जबलपूरचा भूकंप पुन्हा ४ वाजून २१ मिनिटांच्याच सुमारास झाला. तीन ठिकाणे, तीन वर्षे आणि दोन वेळा तर जवळजवळ मिनिटासह तीच घटका! हे वाचताना वाचकाच्या अंगावर किंचित काटा आला असेल, तर तो काटा हाच आपला विषय आहे. भूकंप पहाटेच येतो, असा समज दृढ होण्यास ही तीन उदाहरणे पुरेशी वाटतात आणि मग पहाटे तीनपासून जागत बसणारी माणसे निर्माण होतात. परंतु बिहारचा भूकंप भर दुपारी झाला होता. भूजचा २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊला, मुले प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात असताना झाला. नेपाळचा २०१५ मधील भूकंप मध्यान्हीच्या आसपास झाला. जमिनीखालच्या खडकाला घड्याळ ठाऊक नसते. माणसाचे मन मात्र जुळणारी उदाहरणे वेचते आणि न जुळणारी सांडून देते. शिवाय रात्रीचे भूकंप अधिक प्राण घेतात, कारण माणसे छपराखाली झोपलेली असतात; त्यामुळे तेच अधिक लक्षात राहतात.

आकाशातील घटनांच्या बाबतीत हीच वृत्ती अधिक उघडपणे दिसते. फेब्रुवारी १९६२ मध्ये मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार म्हणून देशभर प्रलयाची धास्ती पसरली होती. ठिकठिकाणी यज्ञयाग झाले. १९७९ च्या जुलै महिन्यात स्कायलॅब ही अमेरिकी अंतराळ प्रयोगशाळा कोसळणार म्हणून खेड्यापाड्यांतून चर्चेला ऊत आला. ती अखेर हिंदी महासागरात व पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात पडली. या दोन्ही प्रसंगांनंतर भाकीत खोटे ठरले म्हणून कोणी आपल्या विश्वासाचा त्याग केल्याचे फारसे दिसत नाही. यज्ञांमुळेच अरिष्ट टळले, असे १९६२ मध्ये अनेकांनी समाधान करून घेतले. भीतीला जसे कारण हवे असते, तसेच भीती ओसरण्यालाही ते हवे असते.

कारण शोधण्याची ही ओढ केवळ अडाण्यांत असते असा गैरसमज नको. १९३४ च्या भूकंपानंतर महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचे प्रायश्चित्त असल्याचे म्हटले. रवींद्रनाथ ठाकुरांना अस्पृश्यतेचा तितकाच तिटकारा होता; तरीही त्यांनी निसर्गाच्या कोपाला नैतिक अर्थ चिकटवण्यास कडाडून विरोध केला आणि गांधींनी तो विरोध आपल्याच हरिजन पत्रात छापला. त्या दोघांपैकी कोणाची बाजू विज्ञानाला धरून होती, याविषयी आज दुमत होऊ नये. पण एवढा संहार निरर्थक आहे हे सोसणे माणसाला किती जड जाते, हेही या वादातून दिसते.

अफवेची अशी चिकित्सा करताना एक धोका असतो. सर्वच भीती कल्पित असते, असा समज त्यातून होऊ शकतो. किल्लारी परिसरात १९९२ च्या ऑक्टोबरपासून लहानलहान धक्के बसत होते. लोक घाबरले होते. मग धक्के थांबले, भीती ओसरली आणि अकरा महिन्यांनी मध्यरात्रीनंतर दगडमातीची जाड भिंतींची घरे निजलेल्यांच्या अंगावर आली. आठ ते दहा हजार माणसे गेली. तेथे उरलेल्यांना कल्पित राक्षसाची गरज नव्हती. भूकंपानंतर थोड्याच काळात मनोविकारतज्ज्ञांनी तेथील काही वाचलेल्यांची तपासणी केली, तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांत मनोविकाराची लक्षणे आढळली. त्यांत आघातोत्तर ताण व खिन्नता हे विकार प्रमुख होते. जबलपूरच्या सुखरूप गल्लीतील धसका आणि किल्लारीतील शोक यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. पहिल्याला विश्वासार्ह माहिती पुरेशी ठरते. दुसऱ्याला माणसे लागतात, घर लागते आणि पुष्कळदा औषधही लागते.

विश्वासार्ह हा शब्द येथे जाणूनबुजून योजला आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला विषारी वायूची गळती झाली आणि हजारो माणसे मृत्यू पावली. कारखान्यात उरलेले रसायन संपवण्याचे काम १६ डिसेंबरपासून हाती घेण्यात आले. काही धोका नाही असे शासन व शास्त्रज्ञ सांगत होते; त्या मोहिमेला श्रद्धा हे नाव देण्यात आले होते. लोकांनी मात्र बिछाने बांधले आणि मिळेल त्या गाडीने शहर सोडले. याला अफवेने उडालेली घबराट म्हणणे अन्यायाचे होईल. ज्यांनी पहिल्या रात्री काहीच सांगितले नव्हते, त्यांनी पंधरवड्यानंतर दिलेल्या आश्वासनावर का विसंबावे? भिऊ नका, हे वाक्य बोलणाऱ्याची पत जेवढी असते तेवढेच ते काम करते. काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही आणि पुढील माहिती केव्हा मिळेल, या तीन गोष्टी स्वच्छ सांगणारा कनिष्ठ अधिकारीही नुसता धीर देणाऱ्या मंत्र्यापेक्षा अधिक भीती घालवतो.

अफवेचे अत्यंत घातक रूप याहून निराळे आहे. महायुद्धाच्या काळात रॉबर्ट नॅप या अभ्यासकाने अफवांचे तीन वर्ग पाडले होते: इच्छेच्या, भयाच्या आणि द्वेषाच्या. भयाची अफवा पुष्कळदा निराधार भटकत असते. तिला एखादा चेहरा मिळाला की ती द्वेषाची होते. १ जुलै २०१८ रोजी, रविवारच्या आठवडे बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार केले. ते मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर पोट भरणारे लोक होते. त्या सुमारास देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीतील बालसुरक्षेच्या जाहिरातीतून कापून काढलेली होती. मुलांची काळजी घ्या, हा तिच्या शेवटी असलेला संदेशच तेवढा गाळलेला होता. ऑलपोर्ट व पोस्टमन यांनी माणसांच्या कुजबुजीत पाहिलेली गळती येथे कोणीतरी यंत्रावर करून ठेवली होती. या घटनांनंतर व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडण्यास बंदी घातली. याने वेग कमी होतो. आईबापांच्या मनातील भीती मात्र आधीच तेथे असते आणि ती चेहरा शोधीत असते.

मग घरात, गल्लीत, शाळेत काय करता येते? पहिली गोष्ट अशी की, भ्यालेल्या माणसाची थट्टा करू नये. वेड लागले आहे का तुला, असे म्हटल्याने त्याच्या मनातील विसंगती वाढते आणि त्याला आपली भीती रास्त ठरवणाऱ्या वार्तेची अधिकच निकड भासू लागते. याउलट, एवढा मोठा धक्का बसल्यावर छाती धडधडणारच, चार-आठ दिवस असे होते, हे वाक्य त्याच्या भीतीला खरे कारण देते. ज्याला खरे कारण मिळाले त्याला खोट्याची गरज उरत नाही. फेस्टिंगर यांच्या सिद्धांताचा याहून सोपा उपयोग सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट हातांना काम देण्याची आहे. कपाट भिंतीला ठोकून बसवणे, घरातील कोणता दरवाजा आधी उघडायचा हे ठरवणे, विजेरी व शिधा एका पिशवीत बांधून ठेवणे यांनी प्रत्यक्ष सुरक्षितता थोडीच वाढत असेल, पण अगतिकता पुष्कळ कमी होते. धावत सुटण्याचेही धोके असतात. २०१८ च्या नोव्हेंबरपासून पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात सौम्य धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा कुटुंबे थंडीत तंबूंत झोपत होती. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एका धक्क्याच्या वेळी घाईने बाहेर पडताना पडून एक दोन वर्षांची मुलगी मरण पावली. कोयनेच्या परिसरात मात्र अर्धशतकाहून अधिक काळ लहान धक्के येतच आहेत आणि तेथील लोक त्यांना बरेचसे सरावले आहेत. सराव म्हणजे बेफिकिरी नव्हे. वारंवार येणाऱ्या व इजा न करणाऱ्या इशाऱ्याला शरीर हळूहळू कमी जुमानू लागते, एवढाच त्याचा अर्थ.

एके काळी असे मानले जाई की, आपत्तीतून वाचलेल्या प्रत्येकाला एकत्र बसवून घडलेले सर्व सांगायला लावले म्हणजे मन मोकळे होते. १९८० नंतर ही पद्धत बरीच प्रचारात आली. पुढे काळजीपूर्वक तपासणी झाली तेव्हा एका बैठकीच्या अशा उपचाराने पुढील विकार टळतो असे दिसले नाही. आता सांगितले जाते ते साधे आहे: जवळ जा, गरज काय आहे ते पाहा, तो बोलेल तेवढे ऐका, खोदून विचारू नका आणि त्याला आपल्या माणसांशी व मदतीशी जोडून द्या. आपल्याकडील समाचाराला येण्याची जुनी रीत याहून फार वेगळी नाही. फक्त समाचाराला आलेल्यांनी पुढच्या भूकंपाची तारीख सांगू नये.

हिंदी चित्रपटाने आघाताविषयी आपल्या मनात एक भलतेच चित्र रुजवले आहे. डोक्याला मार लागून स्मृती जाते आणि शेवटच्या अंकात दुसरा मार लागून ती परत येते. प्रत्यक्षात आघात झालेल्याचा त्रास बहुधा विसरण्याचा नसतो, आठवण जात नाही हाच असतो. बहुसंख्य लोकांचा धसका काही आठवड्यांत आपोआप उतरतो. महिना उलटूनही तोच प्रसंग दिवसाढवळ्या डोळ्यांपुढे उभा राहत असेल, झोप लागत नसेल, घरात पाऊल टाकणे अशक्य होत असेल, दारू वाढली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर तो धसका राहिलेला नसून आजार झालेला असतो. त्यासाठी जिल्हा रुग्णालयातील वा वैद्यकीय महाविद्यालयातील मनोविकार विभागात जावे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतूनही बोलता येते.

लहान मुलांची तऱ्हा थोडी वेगळी असते. ती एकच प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारतात: पुन्हा येईल का? याचे खरे उत्तर, लहान धक्के कदाचित येतील, मोठ्याचे कोणालाच सांगता येत नाही, आला तर आपण अमुक करू, असे आहे आणि तेच दहाही वेळा त्याच शब्दांत द्यावे लागते. काही मुले शहाण्यासारखी वागणे सोडून पुन्हा आईला चिकटून झोपतात, अंथरूण ओले करतात. काही मुले भूकंप-भूकंप खेळतात. ठोकळ्यांचे घर रचायचे, ते हलवून पाडायचे, आतल्या बाहुल्या बाहेर काढायच्या आणि पुन्हा घर रचायचे. वडीलधाऱ्यांना हा खेळ अशुभ वाटतो व ते तो बंद पाडतात. तो चालू द्यावा. घर केव्हा पाडायचे हे त्या खेळात मुलाच्या हाती असते.